निवड नेमकी कोणाची?

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि घरोघरी विवाहाच्या बोलण्यांना वेग येतो. परिचय संमेलनांच्या पुस्तिका छापून तयार होतात. मुलाचे शिक्षण, उंची, गोत्र, मामेकुळ, पेढीचे नाव, दुकान स्वतःचे की भागीदारीतले, कंदमुळे वर्ज्य आहेत की नाहीत, येथपर्यंत सारी माहिती त्या पुस्तिकेत असते. एक गोष्ट मात्र कोणी विचारीत नाही, कारण ती सर्वांनी गृहीतच धरलेली असते. या मुलाला मुलींविषयी आणि या मुलीला मुलांविषयी आकर्षण वाटते, हे ते गृहीत. बहुतेक घरांत ते खरे ठरते. काही घरांत ठरत नाही, आणि त्या घरांत पुढे काय होते याची वाच्यता समाजात होत नाही.

काय होते हे ठाऊक मात्र पुष्कळांना असते. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा एकामागून एक स्थळे नाकारीत जातो. आधी शिक्षणाचे निमित्त, मग व्यवसायाचा जम बसण्याचे, मग पत्रिकेचे. एके दिवशी आई खोदून विचारते आणि मुलगा सांगून टाकतो की त्याच्या मनाची ओढ पुरुषांकडे आहे, मुलींकडे नाही, आणि हे त्याला चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्यानंतर जे बोलले जाते ते जवळजवळ ठरलेले असते. पुण्या-मुंबईला शिकायला पाठविले तेथेच चुकले. मोबाइलने बिघडविले. संगत वाईट लागली. पाठशाळा लहानपणीच सुटली. आणि सरतेशेवटी सर्व वडीलधाऱ्यांचे एका उपायावर एकमत होते: लग्न करून द्या, आपोआप मार्गी लागेल.

या साऱ्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत आहे. मुलाने हे निवडले आहे, आणि जे निवडले ते सोडताही येते. ही समजूत खरी की खोटी, हे आधी पाहिले पाहिजे. कारण तिच्या भरवशावर जो व्यवहार उभा राहतो त्यात दोन घराणी आणि एका परक्या मुलीचे सबंध आयुष्य गुंतलेले असते.

आरंभीच दोन-तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवाव्या लागतात, नाहीतर चर्चा भरकटते. समलिंगी असणे म्हणजे तृतीयपंथी असणे नव्हे. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो. त्याचे आकर्षण पुरुषाविषयी असते, इतकेच. दुसरे असे की आकर्षण आणि आचरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनात ओढ उत्पन्न होणे एक, त्या ओढीनुसार वागणे दुसरे. आचरण मनुष्याच्या हाती असते, त्याचा निर्णय तो घेतो आणि त्याची जबाबदारीही त्याची असते. प्रश्न आहे तो आकर्षणाचा, ज्याला हल्ली लैंगिक कल म्हणतात. तो कोणी निवडतो का?

स्त्रीविषयी आकर्षण वाटणाऱ्या पुरुषांपैकी कोणालाही, ते त्याने केव्हा निवडले हे सांगता येणार नाही. वयात येताना ते त्याला स्वतःत आढळले. समलिंगी व्यक्तींचे सांगणेही नेमके हेच असते. फरक इतकाच की पहिल्याला जे आढळले ते घरच्यांना सांगताना भीती वाटली नाही. शिवाय, ज्या गोष्टीने आईवडील दुरावतात, लग्न मोडते, बाजारात कुजबुज होते, ती गोष्ट एखादा व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा हौसेने पत्करील, हा हिशेब कोणत्याच वहीत जुळत नाही.

शास्त्रज्ञांचे आजचे मतही याच दिशेचे आहे, मात्र ते एका वाक्यात संपत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतील सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समलिंगी वर्तनाचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे, आणि त्यावरून कोणा एका व्यक्तीविषयी भाकीत करता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यापूर्वी १९९६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. एकाच मातेच्या पोटी आधी जितके मुलगे जन्मलेले असतील तितकी धाकट्या मुलाच्या समलिंगी असण्याची शक्यता वाढत जाते, प्रत्येक थोरल्या भावामागे सुमारे एक तृतीयांशाने. मुळात ही शक्यता लहान असल्याने बहुसंख्य धाकटे भाऊ भिन्नलिंगी आकर्षणाचेच असतात. पण पुढे असेही आढळले की दत्तक किंवा सावत्र भाऊ घरात असल्याने हा परिणाम दिसत नाही. म्हणजे त्याचे कारण वाढविण्यात किंवा संगतीत सापडत नाही, ते जन्मापूर्वीच्या काळाकडे बोट दाखविते. आईने काय चुकविले, वडिलांनी काय कमी केले, हा घरोघरीचा पहिला प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो.

कारणांची ही गुंतागुंत जैन वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ ही पाच कारणे एकत्र आली की कार्य घडते, त्यांतील एकालाच धरून बसणे मिथ्यात्व होय, हे सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त फार पूर्वी मांडले. ‘हे सगळे जनुकांचे’ म्हणणारा आणि ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणणारा, दोघेही एकच कारण धरून बसलेले असतात. पुरुषार्थाला येथेही जागा आहे. ती आचरणात आहे, कल उत्पन्न होण्यात नाही.

आगमग्रंथांतील ‘वेद’

या विषयावर शास्त्र काही बोलतच नाही, किंवा बोलते ते केवळ निषेधाचे, असा समज सर्वत्र आहे. कर्मग्रंथ उघडून पाहिल्यास वेगळे चित्र दिसते.

मोहनीय कर्माच्या २८ उत्तरप्रकृती पाठशाळेतील मुलेही म्हणून दाखवितात. त्यांतील नऊ प्रकृती नोकषायांच्या: हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा, स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद. येथे ‘वेद’ म्हणजे कामाभिलाषा. ज्याच्या उदयाने पुरुषाची अभिलाषा होते तो स्त्रीवेद, स्त्रीची अभिलाषा होते तो पुरुषवेद, दोहोंची होते तो नपुंसकवेद. पुरुषवेदाला गवताच्या आगीची, स्त्रीवेदाला गोवऱ्यांच्या आगीची आणि नपुंसकवेदाला विटांच्या भट्टीतील आगीची उपमा आचार्यांनी दिली. उपमा आजच्या वाचकाला पटो वा न पटो, तिन्ही ठिकाणी आग एकच आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणताही वेद पवित्र मानलेला नाही. विवाहित गृहस्थाचाही नाही.

खरा महत्त्वाचा भेद याच्या पुढे येतो. शरीराची घडण म्हणजे द्रव्यवेद, ती नामकर्माच्या उदयाने मिळते. अंतरंगातील अभिलाषा म्हणजे भाववेद, ती चारित्रमोहनीयाच्या उदयाने होते. दोहोंची कर्मे वेगळी. म्हणून दोन्ही बहुधा एकमेकांशी जुळतात, परंतु क्वचित जुळत नाहीत, असे आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती ‘गोम्मटसारा’च्या जीवकांडात स्पष्ट सांगतात. हे नेमिचंद्र दहाव्या शतकातले, श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाचे गुरू. त्या मूर्तीच्या पायाशी चामुंडरायाचे नाव कोरलेला लेख मराठीच्या आद्य शिलालेखांपैकी एक म्हणून शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. ज्या पिढीने तो लेख कोरविला त्याच पिढीच्या आचार्यांनी, पुरुषाच्या देहात स्त्रीवेद असू शकतो हे कोणताही गवगवा न करता ग्रंथात लिहून ठेवले.

त्यांच्या आधी नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी ‘धवला’ टीकेत आणखी एक मुद्दा मांडला होता. क्रोध, मान यांसारखे कषाय क्षणाक्षणाला पालटतात, वेद तसे पालटत नाहीत. जन्मापासून मरणापर्यंत त्यांचा उदय राहतो. मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके बंद राहिलेली ही ‘धवला’ १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागली, हा महाराष्ट्राचा मान आहे. श्वेतांबर परंपरेत वेदाच्या स्थैर्याविषयी मत वेगळे आहे. पण वेद हा उदय आहे, जीवाने एखाद्या दिवशी ठरवून केलेली निवड नाही, याविषयी मतभेद आढळत नाही.

याचा अर्थ प्राचीन आचार्यांनी आजची समलैंगिकता जशीच्या तशी मान्य केली होती असा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांनी शरीरभाव आणि आकर्षण यांची आजच्यासारखी फोड केली नव्हती. नपुंसकांच्या काही प्रकारांना दीक्षा नाकारली, काहींना दिली. गृहस्थाचे चौथे अणुव्रत स्वदारसंतोषाचे आहे आणि त्याच्या बाहेरील मैथुन त्यांनी वर्ज्यच सांगितले. मात्र मोक्षाचे दार त्यांनी या कारणाने लावून घेतले नाही. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’प्रमाणे भावाने तिन्ही वेदांतून सिद्धी संभवते, श्वेतांबर परंपरेतील सिद्धांच्या १५ भेदांत नपुंसकलिंगसिद्ध हा एक भेद गणलेला आहे. जेथे सिद्धशिला नाकारली गेली नाही तेथे घराचा उंबरठा नाकारला जावा, हे काहीसे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

आणि त्या नऊ नोकषायांची यादी पुन्हा एकदा वाचावी. तीन वेदांच्या अगदी लगत, त्याच पंक्तीत, शोक आहे, भय आहे आणि जुगुप्सा आहे. मुलाने मन उघडे केल्यावर घरात जे उसळते ते हेच तीन: आईचा शोक, वडिलांचे लोकांविषयीचे भय, आणि नातेवाइकांची किळस. मुलाच्या मनातील वेद ज्या कर्माचा, बघणाऱ्याच्या मनातील जुगुप्साही त्याच कर्माची. एकाच्या उदयाला पाप म्हणावे आणि दुसऱ्याच्या उदयाला सदाचार म्हणावे, याला कर्मग्रंथात आधार मिळत नाही.

‘कर्माचाच उदय आहे ना, मग भोगू द्या,’ असेही कधी ऐकू येते. अधू दृष्टी, खुजेपणा, कर्कश आवाज हेसुद्धा कर्माच्याच उदयाने येतात. म्हणून चष्मा लावणाऱ्या मुलाला कोणी पंक्तीतून उठवीत नाही. उदयात आलेले कर्म ज्याचे त्याला आहेच. दुसऱ्याला रडविणे, झुरविणे, संतापात लोटणे हे मात्र नवे कर्म आहे, आणि त्याने असातावेदनीयाचा आस्रव होतो हे तत्त्वार्थसूत्राचे सहावे प्रकरण सांगते. तो आस्रव रडविणाऱ्याच्या खाती जमा होतो.

उपचाराचा बाजार

उपाय शोधणे हा व्यापारी घराचा स्वभाव आहे, आणि एरवी तो गुणही आहे. या प्रसंगी मात्र तोच घात करतो. कोणी ताईत आणतो, कोणी हार्मोनची इंजेक्शने सुचवितो, कोणी मोठ्या शहरातील एखाद्या डॉक्टरचा पत्ता देतो जो म्हणे सहा महिन्यांत मुलगा ‘सरळ’ करून देतो. पैसा जातो, आणि मुलाच्या मनात आपण रोगी आहोत ही गोष्ट घट्ट रुतते.

वैद्यकशास्त्राने हा रोग नाही असे केव्हाच ठरविले आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच निःसंदिग्धपणे सांगितले. १९७३ च्या त्या निर्णयात डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांचा मोठा वाटा होता. पुढे त्याच स्पिट्झर यांनी २००३ मध्ये २०० जणांच्या मुलाखतींवरून काहींचा कल बदलू शकतो असा निबंध प्रसिद्ध केला, आणि जगभरातील ‘बदलून देणाऱ्यां’च्या हाती जणू हुंडी पडली. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, त्या वृद्ध डॉक्टरांनी जाहीर पत्र लिहून आपला अभ्यास सदोष असल्याचे मान्य केले आणि त्यापायी ज्यांनी आयुष्याची वर्षे व्यर्थ घालविली त्यांची क्षमा मागितली. संवत्सरीला उच्चारले जाणारे शब्द त्यांना ठाऊक नसतील. कृती मात्र तीच होती. लगेच पुढच्या वर्षी, अशा बदलाचे काम अनेक वर्षे करणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही अमेरिकेतील ख्रिस्ती संस्था क्षमा मागून बंद झाली.

भारतात या विषयाला वळण लागले ते मद्रास उच्च न्यायालयात. मदुराईच्या दोन तरुणींनी आईवडिलांपासून संरक्षण मागितले होते. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी, या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नाही असे मोकळेपणाने सांगून, निकालापूर्वी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला. जून २०२१ च्या त्यांच्या आदेशात कल बदलण्याचे वैद्यकीय प्रयत्न थांबविण्यास सांगितले गेले, आणि त्याच प्रकरणाच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘उपचारा’ला डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे आज जो डॉक्टर मुलगा बदलून देण्याची हमी देतो, त्याच्याविरुद्ध राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

कायद्याचा इतिहास वाचकांनी वर्तमानपत्रांतून वाचलेला आहे. एकच गोष्ट पुन्हा सांगण्यासारखी आहे: कलम ३७७ ही भारतीय परंपरेची देणगी नव्हे. मेकॉलेने आखलेल्या आणि १८६० मध्ये मंजूर झालेल्या दंडसंहितेतून, व्हिक्टोरियन इंग्लंडच्या नीतिकल्पनांसह ते येथे आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने घडणाऱ्या संबंधांपुरते ते रद्द केले. विवाहाला मान्यता देण्याचे मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारले आणि तो विषय संसदेवर सोडला.

त्या मुलीचे काय?

आता मूळ मुद्द्यावर यावे लागेल. मुलाने काही निवडले नाही हे मान्य केले की निवड कोणी केली, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर अप्रिय आहे. सत्य कळल्यानंतरही जे आईवडील स्थळे पाहतात, साखरपुडा ठरवितात, पत्रिका छापतात, ते निवड करीत असतात. आणि जो मुलगा दबावाखाली का होईना, होकार देतो, तोही करीत असतो.

समोरच्या घरी एक मुलगी असते. तिच्या वडिलांनी वर्षभर चौकशी केलेली असते, पेढीची पत विचारलेली असते, आहार-विहाराची खात्री करून घेतलेली असते. जी एक गोष्ट तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, ती तिच्यापासून जाणूनबुजून लपविली जाते. लग्नानंतर काही महिन्यांत तिला काहीतरी बिनसल्याचे जाणवते. दोष स्वतःचाच, असे तिला वाटू लागते: रूपात कमी आहोत, रंगात कमी आहोत, पतीला आवडत नाही. सासू मूल कधी म्हणून विचारते. डॉक्टरांच्या तपासण्या होतात त्याही तिच्याच. ती माहेरी सांगते तेव्हा ‘समजून घे’ असे उत्तर मिळते. पुढे सत्य उघडकीस आले की सासरची मंडळी गप्प होतात, कारण त्यांना आधीपासून ठाऊक असते.

सदोष माल निर्दोष म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याची बाजारात पत राहत नाही. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि मालात भेसळ यांचा उल्लेख आहे, आणि जैन पेढ्यांनी पिढ्यानुपिढ्या त्याचाच अभिमान बाळगला. मुलगा काही सदोष माल नव्हे, हे उघड आहे. खोटे आहे ते बोलणे. मालाच्या पोत्याविषयी जी सचोटी पाळली जाते ती सोयरिकीच्या बैठकीत का सुटावी, याचा जबाब घराच्या प्रमुखाने द्यायचा आहे.

कायद्याची बाजूही घरच्यांना ठाऊक असावी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळविली असेल तर कलम १२ नुसार विवाह रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाता येते. मात्र फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर स्वखुशीने संसार चालू ठेवलेला नसावा लागतो. न्यायालय प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहते, निकाल एकसारखे लागत नाहीत. परंतु ‘वर्षभर थांबू, मूल झाले की ठीक होईल’ हा मध्यस्थ नातेवाइकांचा आवडता सल्ला त्या मुलीचा हा मार्गच बंद करून टाकतो, हे सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसते.

मुलाऐवजी मुलगी समलिंगी असेल तर परिस्थिती अधिक कठीण. मुलगा तिशीपर्यंत स्थळे टाळू शकतो, व्यवसायाचे निमित्त त्याला पुरते. मुलीला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापासून ‘पाहण्याचे’ कार्यक्रम सुरू होतात आणि तिचा नकार हा नकार मानलाच जात नाही. लग्नानंतर तिच्या वाट्याला जे येते त्याला कोणी अत्याचार म्हणत नाही, कारण तो पतीचा अधिकार समजला जातो. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. स्त्रीकडे ओढ असलेल्या त्यातील तरुणीचा शेवट आत्महत्येत होतो. त्याच्याही आधी, १९२७ पासून, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांची चर्चा उघडपणे केली, त्यासाठी खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. मराठी समाजाला हा विषय नवा आहे असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

दुसरा एक उपाय केवळ जैन घरांतच सुचविला जातो, म्हणून त्याचा उल्लेख हवा. ‘लग्न नको म्हणतो ना, मग दीक्षा घेऊ दे.’ ऐकायला हे धार्मिक वाटते. पण दीक्षेचे कारण वैराग्य असते. लग्नाची भीती हे वैराग्य नव्हे, आणि घरची अब्रू झाकण्यासाठी साधुसंघाचा उपयोग करणे ही तर संघाचीच अवज्ञा झाली. गुरुभगवंत दीक्षार्थीची वर्षानुवर्षे परीक्षा घेतात ते उगीच नाही. ज्याला ब्रह्मचर्याचे व्रत मनापासून घ्यावेसे वाटते त्याने ते अवश्य घ्यावे, मग त्याचा कल कोणताही असो. लादलेले व्रत टिकत नाही, आणि मोडले की त्याचा ठपका पुन्हा त्याच मुलावर येतो.

व्रत न घेता, विवाहही न करता, एखाद्या जोडीदाराबरोबर एकनिष्ठपणे राहू पाहणाऱ्यांविषयी समाजाने कोणती भूमिका घ्यावी, यावर मतभेद होतील. स्वदारसंतोषाचा गाभा एकनिष्ठेत आहे असे कोणी म्हणेल, विवाहसंस्कारात आहे असे कोणी म्हणेल. विद्वानांनी आणि साधुवर्गाने त्यावर बोलावे. घाईने निकाल देण्याचा हा विषय नाही. परंतु त्या चर्चेचा निकाल लागेपर्यंत ज्या घरात हा प्रसंग आज उभा आहे त्यांना थांबता येत नाही, आणि त्यांनी करावयाच्या गोष्टी त्या निकालावर अवलंबूनही नाहीत.

त्या गोष्टी साध्या आहेत. स्थळे पाहणे त्याच दिवशी थांबवावे. मध्यस्थांना ‘सध्या विचार नाही’ एवढेच सांगावे; कारण सांगण्याचे बंधन कोणावर नाही, आणि मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून मामा-काकांत वाटणे योग्य नव्हे. मुलगा फार खचलेला असेल, खाणेपिणे सोडून देत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब न्यावे. ते त्याच्या दुःखासाठी, कल बदलण्यासाठी नव्हे, आणि पहिल्याच भेटीत हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. आईवडिलांनाही कोणाशी बोलावेसे वाटते, त्यांचाही शोक खरा असतो. सून येणार, नातवंडे खेळणार म्हणून मनात बांधलेले घर एका संध्याकाळी कोसळलेले असते. त्यांना सावरायला वेळ लागतो. मुलांनीही तो द्यावा.

राहिला प्रश्न पेढीचा. लग्न न करणाऱ्या मुलाला हळूहळू व्यवहारातून बाजूला सारण्याची, धाकट्या भावाच्या नावे भागीदारी करून टाकण्याची रीत काही घरांत दिसते. ‘याला पुढे कोण आहे?’ असे त्यामागचे बोलणे असते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाही जैनांना लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मालमत्तेत मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखा आहे. मृत्युपत्र न करता वडील गेले तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतही दोघे बरोबरीचे वारस ठरतात. वारसाचे लग्न झाले आहे की नाही, हे त्या कायद्यात कोठेही विचारलेले नाही.